बेबीताई आणि दोन जावांचं जहाज

बेबीताई इंगोल्यांच्या मेसमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, की मी काय करते तेही विचारलं नाही. पोळी लाटता लाटता मान वर करून म्हणाल्या, "तिखट चालते काय?"

"चालतं."

"कुठच्या?"

"अकोल्याच्या."

"मंग इचारलंच काहून मी!" असं म्हणत त्यांनी माझ्या ताटात ठेच्याचा असा गोळा टाकला की दुसऱ्या दिवशीपर्यंत माझे कान गरम होते.

मी तेव्हा अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होते आणि शेगाव नाक्याजवळ एक खोली घेऊन राहत होते. बेबीताईंची मेस मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत दोन लांब टेबलं, भिंतीवर टीव्ही, आतल्या खोलीत स्वयंपाक. जेवायला कॉलेजची पोरं, एखाददुसरी माझ्यासारखी नोकरदार बाई, आणि जिल्हा न्यायालयात वकिली करणारे, पन्नाशीतले एकटे जोशी वकील. बेबीताई मूळच्या नांदगाव खंडेश्वरकडच्या. नवरा अचानक गेला तेव्हा मुलगा स्वप्नील शाळेत होता. शेत दिराला बटईनं देऊन त्या मुलाच्या शिक्षणासाठी अमरावतीला आल्या आणि पोळपाट घेऊन बसल्या, त्या बसल्याच.

बुटक्या, रुंद खांद्यांच्या, पदर कायम खोचलेला. आवाज असा की फोनवर बोलत असल्या तर वाटावं, फोन कशाला हवा? माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती ताटावरून. "तो वांगं सोडनारा पोट्टा आला नाई आज." "ती वरनात लिंबू पिळनारी पास झाली म्हंते." जोशी वकील म्हणजे 'दहीवाले साहेब'. नावं त्यांना ठाऊक असायची, पण नावावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. आणखी एक सवय: 'ठीक आहे' हे उत्तर त्या कधीच मान्य करत नसत. भाजी कशी झाली विचारल्यावर कुणी 'ठीक आहे' म्हणालं की हातातला झारा तसाच धरून उभ्या राहायच्या. "ठीक म्हन्जे काय? मीठ कमी हाय का जास्त? एक काईतरी बोला."

स्वप्नील मुंबईला कोर्स करून मालवाहू जहाजाच्या इंजिन रूममध्ये लागला होता. बेबीताईंनी समुद्र पाहिलेला नव्हता. मोर्शीकडचं धरण पाहिलं होतं, आणि समुद्र म्हणजे त्याहून थोडा मोठा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. एकदा स्वप्नीलनं भर समुद्रातून व्हिडिओ पाठवला. तो त्यांनी दोनदा पाहिला आणि फोन उलटा ठेवून दिला. "याले काठच नाई व मॅडम. पोरगं कशाले धरन?"

म्हणून मी त्यांच्या फोनमध्ये जहाजं दाखवणारं एक अ‍ॅप टाकून दिलं. निळ्या नकाशावर एक पिवळा बाण, म्हणजे स्वप्नीलचं जहाज. रोज सकाळी कणीक मळायच्या आधी त्या बाण बघायच्या. "आज जरासाच सरकला. झोपलेला दिसते." टीव्हीवर पोरं जगाच्या राजकारणावर भांडत, कुणी या देशाच्या बाजूनं, कुणी त्या. बेबीताईंचं त्या भांडणाकडे लक्ष नसायचं. कुणाची पोळी संपली, एवढंच बघायच्या.

एका सकाळी त्या माझ्या खोलीवर आल्या. पीठ लागलेल्या हातात फोन. "मॅडम, पोरगं दिसून नाई राहिलं."

मला वाटलं नेट गेलं असेल. नेट होतं. बाण नव्हता. कंपनीच्या मुंबईच्या एजंटला फोन केला तर तो म्हणाला, यंत्र बिघडलंय, होईल दुरुस्त. बाण पुन्हा दिसला तो भलत्याच ठिकाणी, एका परक्या बंदराच्या बाहेर, आणि तिथून हलेना. मग स्वप्नीलचा फोन आला, दुसऱ्याच कुणाच्या तरी नंबरवरून. भर समुद्रात जहाज अडवलं होतं. बंदूकधारी नौसैनिक चढले आणि जहाज या बंदरात आणून उभं केलं. कागदावर माल होता ट्रॅक्टरचे सुटे भाग. संशय होता की खाली शस्त्रं आहेत, एका देशानं दुसऱ्याला गुपचूप पाठवलेली. दोन्ही देशांचं अमेरिकेशी हाडवैर, म्हणून अमेरिकेची नजर, आणि नौसैनिकही तिचेच. आणि जहाज कुठे आहे हे सांगणारं यंत्र बिघडलं नव्हतं. कुणीतरी मुद्दाम बंद केलं होतं.

जोशी वकिलांनी ताट बाजूला सारून सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, एक लक्षात ठेवा. फोनवर देशांची नावं घ्यायची नाहीत. कोण ऐकत असेल सांगता येत नाही."

"नाई घेत," बेबीताई म्हणाल्या. थोडा वेळ विचार करून बोलल्या, "एक थोरली जाऊ अन् एक धाकटी जाऊ. दोघीचं आपसात काई लय प्रेम नाई. पन सासूशी वाकडं हाय म्हनून एकमेकीच्या घरी लपूनछपून डबे पाठोते. अन् सासू रस्त्यात उभी राहून डबा उघडून पाह्यते. माहा पोरगा डबा नेनारा."

त्या दिवसापासून मेसमध्ये सगळे असंच बोलू लागले. मीही इथे त्या दोन देशांची नावं लिहीत नाही, ती सवयीनं.

मग सुरू झाले दिल्लीचे फोन. परदेशात अडकलेल्यांची चौकशी करणारं एक सरकारी कार्यालय होतं. तिथे वर्मा नावाचे एक साहेब फोन उचलायचे. पोळ्या झाल्या की बेबीताई रोज फोन लावायच्या. त्यांची हिंदी त्यांची स्वतःचीच होती.

"साहब, मैं बेबीताई बोल रही, अमरावती से. पोरगा कैसा है?"

"मॅडम, सब ठीक है."

"ठीक मतलब क्या? खाना खाया क्या? क्या खाया?"

"मॅडम, मामला बहुत संवेदनशील है, हम इतना ही बता सकते हैं कि..."

"संवेदनशील रहने दो साहब. मैं बंदूक का नहीं पूछ रही. भात था का रोटी थी, इतना पूछ के बताओ. कल फिर से लगाती."

आणि त्या खरंच दुसऱ्या दिवशी लावायच्या. वर्मासाहेब आधी कंटाळले, मग चिडले, आणि पुढे केव्हातरी स्वतःहून सांगायला लागले: आज भात था, साथ में कुछ मछली. पुढे पुढे तर ते उलट विचारायचे, "आपने आज क्या बनाया?" बेबीताई सांगायच्या, "बैंगन. आप छोडते तो नहीं ना बैंगन?"

गल्लीत मात्र वारा वेगळा होता. इंगोल्यांचा पोरगा शस्त्रांच्या भानगडीत सापडला, असं बोललं जाऊ लागलं. दोनतीन पोरांच्या आईबापांनी मेस बदलायला लावली. राहिलेली पोरं टीव्ही लावून भांडायची, सासूचं बरोबर की जावांचं. एकदा आवाज फार चढले तेव्हा बेबीताई हात पुसत बाहेर आल्या. "ज्याले ज्याची बाजू घ्यायची त्यानं घ्या. पन जेवून घ्या अन् भाईर जाऊन घ्या. माहा पोरगा कोनाच्याच बाजूनं नाई, तो मधात हाय."

एक दिवस कुठल्याशा वाहिनीची बातमीदार बाई माइक घेऊन आली. त्याच जहाजावर अकोल्याचा एक मुलगा होता, इरफान, डेकवर काम करणारा. स्वप्नीलच्या बोलण्यात त्याचं नाव असायचं. दोघे वऱ्हाडातले, म्हणून एका ताटात जेवायचे. बातमीदाराचे सगळे प्रश्न इरफानकडे वळत होते. तो कसा मुलगा होता, कुणाशी बोलायचा, स्वप्नीलला कधी त्याचा संशय आला का?

"त्याची माय अकोल्याले हाय. त्याचं तिले इचारा. मले माह्या पोराचं इचारा," बेबीताई म्हणाल्या.

"पण तुम्हाला संशय?"

"संशय सासूले हाय. मले नाई."

ती बाई गोंधळली. घरगुती भानगड दिसते असं समजून तिनं माइक गुंडाळला. आम्ही नंतर पुष्कळ हसलो. बेबीताईही हसल्या, मग आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसल्या.

त्यानंतर आला तो एजंटचा फोन. मी समोरच जेवत होते. फोन स्पीकरवर होता. एजंट गोड बोलत होता. चौकशी अडून बसली आहे, म्हणाला. स्वप्नीलनं जबाबात एवढंच सांगावं की मालाच्या कोठाराची चावी इरफानकडे असायची. मग स्वप्नीलचा काही संबंध राहत नाही, तो लगेच सुटेल. तुम्ही आई आहात, तुमचं तो ऐकेल.

त्याच आठवड्यात स्वप्नीलला बोलू दिलं. बेबीताईंनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"चावी त्याच्यापाशी राहत होती काय?"

"नाही आई. चावी जहाजावरच्या मोठ्या साहेबाकडे असायची. आम्हाला तर तिकडे फिरकूही देत नव्हते."

"मंग एजंट असा काहून म्हंते?"

"त्यांना कुणाचं तरी एक नाव पाहिजे."

"तू काय म्हनतं?"

"तू सांगशील ते."

"मी काय सांगू रे!" त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की पोरांच्या हातातले घास थांबले. तेवढ्यात फोन कट झाला.

जोशी वकिलांनी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं, "हे चूक आहे, मला कळतंय. पण ताई, तिथे आपलं काही चालत नाही. स्वप्नील आधी घरी येऊ द्या. इरफानचं मग बघू, मी स्वतः लढेन त्याच्यासाठी." जोशी भले माणूस होते. बेबीताईंवरच्या मायेनंच ते बोलत होते, आणि म्हणूनच त्यांचं बोलणं झटकून टाकणं अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीताई माझ्या दारात उभ्या, अंगावर बाहेरची साडी. "मॅडम, अकोल्याले जाऊन येऊ. तुमाले रस्ते माहीत हायेत."

इरफानचं घर जुन्या शहरात होतं. त्याची आई जुबेदाबी ब्लाउज शिवायची. नेमकं त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, आणि अकोल्यात पाणी आलं की बाकी सगळी कामं थांबतात. दारात ड्रम, बादल्या, कळश्या, गल्लीभर पाइप. आम्ही कोण ते कळल्यावर जुबेदाबींनी पाइप तसाच टाकला आणि बेबीताईंचे दोन्ही हात धरून त्यांना आत नेलं. चहा टाकला. बेबीताई कॉटच्या कडेवर बसून राहिल्या. त्यांना गप्प बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

जुबेदाबीच बोलत होत्या. शेजारी काय काय बोलतात, पोलीस दोनदा येऊन गेले, धाकट्या मुलीची सोयरीक मोडली. डोळे पुसून म्हणाल्या, "मगर इरफान बोलता, अम्मी, स्वप्नील साथ में है तो टेन्शन नै लेना. उसकी अम्मी दिल्ली तक फोन करती, हम दोनों का पूछती."

बेबीताई ताडकन उठल्या. मला वाटलं, निघाल्या. त्या दारात गेल्या, पडलेला पाइप उचलला आणि ड्रम भरायला लागल्या. "पानी जाईन ना जुबेदाबी, पहले पानी भरो," म्हणाल्या, आणि पदर खोचून नळ जाईपर्यंत पाणी भरत राहिल्या. जुबेदाबी 'अरे ताई, रहने दो' म्हणत मागे मागे. चहा निवून गेला. आम्ही कशासाठी आलो होतो ते शेवटपर्यंत निघालंच नाही.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी हो म्हनाचं ठरवूनच निंगाली होती."

"मग अकोल्याला कशाला आलात?"

"तिची माफी मांगाले. आगोदरच. काहून मांगतो ते नोतं सांगनार." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ते पोट्टं तिकडं तिले सांगून राहिलं का स्वप्नीलची माय दोघाचंई इचारते. अन् मी, मॅडम, एकदाई त्याचं इचारलं नोतं. माह्याच पोराचं इचारत होती. माह्या पोरानंच तिकडं खोटं सांगतलं असन, त्याले बरं वाटावं म्हनून."

एवढं बोलून त्यांनी बसमध्येच एजंटला फोन लावला. सगळी बस ऐकत होती. "चावी मोठ्या साहेबापाशी होती. माहा पोरगा तेवढंच सांगन. अन् मले पुन्हा असा फोन नोका करू." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "उद्यापासून वर्माले दोघाचं जेवन इचारतो."

याचा शेवट लगेच गोड झाला असता तर लिहायला सोपं होतं. तसं झालं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, ऊन तापायला लागलं, आणि मुलं तिथेच. बेबीताईंना आपल्या निर्णयाचा अभिमान वगैरे काही नव्हता. वाईट दिवस आला की म्हणायच्या, "त्या दिवशी बसमधी तोंड उघडलं नसतं तं आज तो इथं जेवाले बसला असता." एकदा तर त्या उठल्याच नाहीत, मेस बंद राहिली. तेव्हा जोशी वकील आत शिरले आणि त्यांनी खिचडी टाकली. ती खाली लागली. बेबीताईंनी निमूट चार घास खाल्ले. जोशींनी घाबरत विचारलं, "कशी झालीय?" त्या म्हणाल्या, "मीठ कमी हाय." जोशी मला बाहेर येऊन म्हणाले, "बऱ्या होतील."

शेवटी जे झालं ते कुणाच्या बाजूनं नव्हतं. सासूबाईंनी माल उतरवून घेतला. थोरली म्हणाली, हा डबा आमचा नाही. धाकटी म्हणाली, आम्ही मागवलाच नव्हता. कंपनीचे मालक कुठे गेले कुणाला कळलं नाही. माल कुणाचाच नाही म्हटल्यावर खलाशांना ठेवून करायचं काय? सगळ्यांना सोडून दिलं. वर्मासाहेबांनीच फोन करून सांगितलं. दोघांचीही नावं घेऊन.

मुंबईहून येणारी गाडी आधी अकोल्याला लागते. बेबीताई अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनवर थांबल्या नाहीत. अकोल्याच्या प्लॅटफॉर्मवर जुबेदाबींच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. गाडीतून आधी इरफान उतरला, म्हणून त्यांनी आधी त्यालाच धरलं. मागून स्वप्नील आला तेव्हा त्यांच्या एका हातात इरफानची बाही होतीच. दोघांकडे नीट पाहून म्हणाल्या, "दोघंई वाळले व जुबेदाबी." मग गाडी हलायला लागली तशा मुलासकट डब्यात चढल्या.

बऱ्याच दिवसांनी, पोरं जेवून गेल्यावर, त्यांनी स्वप्नीलला विचारलं. मी तिथे होते, पण माझ्यासाठी त्या थांबल्या नाहीत.

"काय होतं रे त्या खोक्यात?"

स्वप्नील ताटाकडे बघत म्हणाला, "आम्हाला कुणी सांगितलं नाही. पण लाटा मोठ्या असल्या की खोकी आपटायची, आणि मोठा साहेब पांढरा पडायचा. ट्रॅक्टरच्या सामानाला कुणी एवढं घाबरत नाही, आई."

"म्हन्जे सासू खरी होती."

"खरी होती. पण तीही पाठवतेच की, तिच्या तिच्या माणसांना. उघड उघड."

बेबीताईंनी त्याला आणखी एक पोळी वाढली. "जिथं तो माल उतरला असता, तिथं बी लोकं जेवाले बसत असतीन."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, एवढं मला आठवतं.

इरफान पुन्हा समुद्रावर गेला नाही. त्यानं अकोल्यात फ्रीज दुरुस्तीचं काम सुरू केलं. स्वप्नील मात्र गेला. बेबीताईंनी त्याच्याशी अबोला धरला, भांडल्या, आणि शेवटी बॅग भरून दिली. दारातून एवढंच म्हणाल्या, "काय भरलं हाय ते इचारून चढजो. सांगत नसतीन तं उतरजो." तो हो म्हणाला. आता तो धान्याच्या जहाजावर आहे, असं तो सांगतो.

पुढे मला अकोल्यात कायमची नोकरी लागली आणि अमरावती सुटली. फोन व्हायचे, पण बेबीताई फोनवर माझ्या जेवणापलीकडे काही विचारत नसत. त्यांना शेवटचं पाहिलं ते अकोल्याच्या बसस्टँडवर, गेल्या उन्हाळ्यात. मी वाशिमच्या बसमध्ये बसले होते. खिडकीतून दिसलं, बाकावर बेबीताई, आणि शेजारी एक अनोळखी, माझ्याच वयाची बाई, रडून डोळे सुजलेली. तिचाही कुणीतरी कुठल्यातरी बंदरात अडकला होता, आणि कुणाकडून तरी नंबर मिळवून तिनं बेबीताईंना गाठलं होतं, हे मला नंतर जुबेदाबींकडून कळलं. मी हाक मारणार होते. पण त्या तिला काहीतरी समजावत होत्या, आणि त्यांचा आवाज बसच्या इंजिनावरूनही ऐकू येत होता.

"रडायचं नाई असं मी म्हनत नाई. रडजो. पन फोन ठेवल्यावर रडजो. फोनवर फक्त इचारायचं, अन् समोरच्यानं सांगतलं नाई तं पुन्हा इचारायचं."

त्या बाईनं मान हलवली. बेबीताईंनी तिचा फोन तिच्या हातात नीट धरून दिला, आणि म्हणाल्या, "लाव आता. मी हाय इथंच."

बस सुटली.